पाण्याखालच्या जोडांचा श्रावण

श्रावण आला की आमच्या वाघोलीच्या सोसायटीत दोन गोष्टी नेमाने होतात. एक सत्यनारायण आणि दुसरी इमारतीची वार्षिक तपासणी. सत्यनारायणाला मी जाते. तपासणीचा अहवाल मात्र माझ्याकडे येतो, कारण कमिटीत इंजिनिअर म्हणावी अशी मी एकटीच, तीही निवृत्त. परवा सेक्रेटरी तो घेऊन आले. बारा गुळगुळीत पानं आणि प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द, ‘समाधानकारक’.

“काकू, सही करून टाका. सगळं ओके आहे.”

“गच्चीवरच्या टाकीखाली कोण वाकून गेलं होतं?” मी विचारलं.

“गेलंच असेल की कोणीतरी. लिहिलंय ना.”

“लिहिलेलं दिसतंय मला. गेलं कोण होतं?”

सेक्रेटरी सभ्य मनुष्य. हसून म्हणाले, “काकू, तुम्ही फार संशयी आहात हं.”

“तीस वर्षं त्याचाच पगार घेतला,” मी म्हटलं. ते अहवाल टेबलावर ठेवून गेले. सही मी अजून केलेली नाही.

दोन दिवसांत ती पानं सादळून मऊ झाली. सादळलेल्या कागदाचा वास आला की मी वाघोलीत राहत नाही. मी थेट शनिवार पेठेत जाऊन बसते, पितळी भांड्यांच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत. अमोनियावर छापलेल्या नकाशांचा नाकात झोंबणारा वास, खालून भांडी एकमेकांवर रचल्याचा ठणठणाट, ओलीनं फुगून न मिटणारं कपाट आणि त्या कपाटात ठेवलेला समुद्र.

पुण्याला समुद्र नाही. नारळी पौर्णिमा इथे नारळीभातापुरती येते; लवंग जास्त झाली का, एवढीच त्या दिवसाची चर्चा. पण आमच्या कचेरीत त्या पौर्णिमेवर भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल पेन्सिलीनं खूण केलेली असायची. अरबी समुद्रात, किनारा दिसेनासा झाल्यावरही खूप आत, तेल काढायचे लोखंडी प्लॅटफॉर्म उभे होते. वर माणसं राहायची, जेवायची, झोपायची, कॅरम खेळायची. खाली पोलादी नळ्यांचे पाय होते आणि त्या नळ्या एकमेकींना वेल्डिंगनं जोडलेल्या होत्या. लाटा रात्रंदिवस त्या जोडांना हलवत राहतात. हलवून हलवून एखाद्या जोडाला केसासारखा तडा जातो, आणि तो पाण्याखाली, शिंपल्यांच्या थराखाली असल्यामुळे कोणाला दिसत नाही. तो शोधायला पाणबुडे उतरवावे लागतात. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. नारळी पौर्णिमेला तो उघडला की पाणबुडे कुठे उतरवायचे आणि कुठे नाही, हे ठरवायचं काम शनिवार पेठेत चालायचं. ज्या माणसांनी हे ठरवायचं, त्यांच्यातल्या निम्म्यांना पोहता येत नव्हतं. मलाही नाही.

आमचे प्रमुख दामलेसाहेब. शिडशिडीत, बगळ्यासारखे शुभ्र कपडे, बोलणं मोजून. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात त्यांनी मला एका प्लॅटफॉर्मचा नकाशा दिला आणि कुठले जोड तपासायला हवेत ते सांगायला सांगितलं. मी म्हटलं, “सगळेच.”

“बरोबर. आणि पैसे कोण देणार? तुमचे वडील?”

मी नकाशा गुंडाळायला लागले.

“साठेबाई, पाणबुड्यांची बोट एक दिवस समुद्रात उभी राहिली की एखादा बंगला बांधून होतो. सगळीकडे बघू म्हणणारा माणूस कुठेच नीट बघत नाही. संशय हा आपला कच्चा माल आहे. तो जपून वापरा.”

मग त्यांनी तो कसा वापरायचा ते शिकवलं. जिथे लाटेचा ताण जास्त आणि जिथे काही तुटलं तर वरचं सगळं कलंडेल, तो जोड दरवर्षी पाहायचा. जो जोड लागोपाठ काही वर्षं निर्दोष निघाला, त्याच्यावरचा संशय थोडा सैल करायचा. त्याला चार-पाच वर्षं सुट्टी द्यायची. वाचलेले दिवस जास्त संशयास्पद जोडांवर घालवायचे. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. अजूनही वाटतं. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत होती. ‘निर्दोष’ असं कोणी लिहिलं, तर तो जोड खरोखर कोणीतरी पाहिलेला असणार.

पाणबुड्यांचे अहवाल पूर्वी लांबलचक यायचे. कोणी मराठीत, कोणी इंग्रजीत, कोणी नुसती चित्रं काढून. ते वाचण्यात आमचा अख्खा आषाढ जायचा. म्हणून मी एका पानाचा नमुना तयार केला. वर जोडाचा क्रमांक, खोली, तारीख. खाली दोन चौकोन, ‘दोष आढळला’ आणि ‘दोष आढळला नाही’. एकावर खूण, त्याखाली पाणबुड्याची सही, सोबत फोटो. दामलेसाहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “बरं आहे.” पुण्यात याहून मोठी शाबासकी नसते.

ज्या श्रावणाबद्दल मी सांगते आहे, तो त्या नमुन्याचा चौथा श्रावण. वाचायचं काम आता चार दिवसांत उरकायचं. मी फोटो डकवलेले कागद एकामागून एक उलटत होते. करड्या रंगाचं खरवडलेलं पोलाद, मधून गेलेली वेल्डिंगची सुरकुती, आणि ठिकठिकाणी पांढरी कडी. शिंपला खरवडून काढला की त्याच्या बुडाचं कडं मागे राहतं. एका फोटोत अशी दोन कडी एकमेकांना चिकटलेली होती, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, आणि खालच्या कड्याचा टवका उडालेला होता. मला तो आकडा गंमतीदार वाटला. पाच कागद पुढे गेल्यावर तोच आकडा पुन्हा दिसला. तोच टवका. फक्त फोटो डाव्या बाजूनं थोडा कापलेला. पहिला जोड प्लॅटफॉर्मच्या उत्तरेच्या पायाचा होता, दुसरा दक्षिणेच्या. दोन्हींवर ‘दोष आढळला नाही’. दोन्हींवर एकच सही, बबन शितोळे.

शिंपले हुबेहूब जुळे जन्माला येत नाहीत, एवढं मला पोहता येत नसूनही कळत होतं.

आणि दोन्ही फोटोंच्या कोपऱ्यात दामलेसाहेबांच्या निळ्या पेन्सिलीची बरोबरची खूण होती.

तो फोटो मी कोणालाच दाखवला नाही. संशयाचं असं असतं, तो एका जागी बसत नाही. आधी मी त्या पाणबुड्यावर संशय घेतला. मग त्याच्या बोटीवरच्या सुपरवायझरवर. मग दामलेसाहेबांवर. त्यांनी फोटो न पाहता खूण केली असेल, की पाहून? दोन्हींतलं जास्त वाईट कोणतं? ते कोणाशी फोनवर हळू बोलले की मी टायपिंग थांबवायची. त्यांनी नवा शर्ट घातला तर तो कोणी दिला असेल, असा विचार मनात यायचा. घरी दूधवाल्याचं माप मी स्वतः मोजून पाहिलं. ते बरोबर निघालं, तर आजच कसं बरोबर निघालं, असं वाटलं. माझे यजमान शाळेत गणित शिकवायचे. एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, “तू माझ्याकडे असं का बघतेस? मी काही लपवलंय का?”

“लपवलंय का?” मी विचारलं.

ते घास तसाच हातात धरून बघत राहिले. तेव्हा मला माझीच भीती वाटली. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. फायलीतून शितोळ्यांचा पत्ता उतरवून घेतला आणि महापालिकेपासून हडपसरची बस धरली.

तेव्हाचं हडपसर गाव होतं. गाडीतळाच्या पुढे वस्त्या आणि भाजीची शेतं. बबन शितोळे नौदलात पाणबुडे होते. तिथून सुटल्यावर एका खासगी ठेकेदाराकडे लागले होते. समुद्र बंद असला की चार महिने घरची शेती. मी पोचले तेव्हा नवरा-बायको ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. माणूस बुटका, छाती पिंपासारखी, हातांवर जुन्या ओरखड्यांची जाळी.

मी कचेरीचं नाव सांगितल्याबरोबर त्यांच्या बायकोनं जुडी खाली ठेवली. “पुण्यातनं बाई आली म्हंजी कायतरी कमीजास्त हाय,” ती नवऱ्याला म्हणाली. मग मला, “तुमास्नी कुणी धाडलं?”

“कोणी नाही. मी आपली आले.”

“असं कोन येतं?” तिनं विचारलं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

मी दोन्ही फोटो ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. शितोळ्यांनी ओले हात धोतराला पुसले, वाकून पाहिलं. फार वेळ लागला नाही.

“ह्यो म्या काढलेला हाय,” ते म्हणाले. “आन् दुसराबी तोच हाय.”

“म्हणजे दक्षिणेच्या जोडाला तुम्ही गेलाच नाहीत?”

“गेलो न्हाई?” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “दोन येळा गेलो. उधाणाचं पानी, खालचा सगळा गाळ वर आलेला. डोळ्याम्होरं हात धरला तर बोटं दिसंनात. जोडाला मिठी मारून बसलो. ब्रश फिरवला, हातानं चाचपला. हाताला काय लागलं न्हाई. पन बाई, दिसलं कुठं?”

“हे वर सांगितलंत?”

“सांगितलं की. बोटीवरले सायब म्हनले, बोट उद्या फिरवायची हाय, कायतरी एकावर खून कर. फोटू त्यांनीच डकवला.” त्यांनी माझा एक पानाचा नमुना उचलला, त्यावरच्या चौकोनांवर जाड बोट ठेवलं. “आता तुमीच सांगा. घावला तर हितं. न्हाई घावला तर हितं. आन् दिसलंच न्हाई, तर खून कुठं करू?”

मी चौकोन पुन्हा मोजले; दोनच होते.

“कुनी केला हो ह्यो कागुद?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हटलं.

शितोळ्यांनी कागद हळूच ओट्यावर ठेवला. मेथीचा उग्र ओला वास येत होता. मग त्यांची बायको उठून आत गेली आणि चहा घेऊन आली. मला वाटतं, तेवढ्या एका शब्दामुळे तो चहा मिळाला. निघताना शितोळे रस्त्यापर्यंत आले. “माझं नाव जानार का वर?” त्यांनी विचारलं.

“जाणार नाही.” असं सांगायचा मला काडीचाही अधिकार नव्हता.

सोमवारी मी दोन्ही फोटो दामलेसाहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी भिंग काढलं. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, परत पहिला पाहिला.

“कधी लक्षात आलं?”

“आठ दिवस झाले.”

“आणि आठ दिवस आपण काय करत होतात?”

“तुमच्यावर संशय घेत होते.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खाली दुकानात कोणीतरी तांब्या वाजवून पाहत होतं.

“दोन्हींवर तुमची खूण आहे,” मी म्हटलं.

“आहे. मी चौकोन पाहिला. फोटो पाहिला नाही.” थोडं थांबून म्हणाले, “चौकोन सोयीचा होता.”

मग मी हडपसरचं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, “तेल कंपनीला कळवावं लागेल. आणि नाव घालावं लागेल. सही त्याची आहे.”

“नमुना माझा आहे. मग माझंही नाव घाला.”

“भावनेनं पत्रं लिहिता येत नाहीत, साठेबाई.”

“भावना नाही साहेब. तुम्हीच शिकवलंत, मूळ जिथे आहे तिथे बघा. शितोळ्यांना काढलं तर पुढचा पाणबुडा येईल आणि त्यालाही दोनच चौकोन मिळतील.”

ते उठून खिडकीशी गेले. पत्रानं काय होणार, ते दोघांनाही माहीत होतं. कंपनी म्हणणार, चार वर्षं तुमच्या कागदावर आम्ही विसंबलो. काम काढून घेतलं तर आमच्या कचेरीतली पाचही माणसं घरी. दुपारी त्यांनी पत्र सांगितलं आणि मी टाइप केलं. ‘आमच्या कार्यालयाने पुरवलेला नमुना सदोष होता.’ त्यात शितोळ्यांचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. खाली सही फक्त त्यांची.

त्यांनी असं का केलं, हे मला तेव्हा कळलं नाही. शितोळ्यांसाठी? माझ्यासाठी? की सगळा दोष एका कागदावर ढकलला की माणसं सुटतात आणि कचेरीही सुटते म्हणून? कंपनीनं त्यांना मुंबईला बोलावलं. संध्याकाळच्या गाडीनं परत आले, छत्री कोपऱ्यात उभी केली. मी विचारलं, “काय झालं?”

“चहा वाईट होता,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी कळलं की काम आणखी एका मोसमापुरतं आमच्याकडे राहिलं आहे.

नव्या नमुन्यावर तिसरा चौकोन आला, ‘पाहता आले नाही’.

मला वाटलं होतं, क्वचित कुठेतरी खूण पडेल. कार्तिकात पहिला गठ्ठा आला. दोरी सोडली आणि मी उभीच राहिले. पाहता आले नाही. पाहता आले नाही. गाळ होता. पाण्याला ओढ होती. शिंपल्यांचा थर निघाला नाही. ज्या जोडांना आम्ही वर्षानुवर्षं निर्दोष मानत आलो होतो, त्यांतल्या कितीतरी जोडांपुढे तिसऱ्या चौकोनात खूण होती. काही लपवायची गरज उरली नाही म्हटल्यावर माणसं एकदम खरं बोलू लागली होती, आणि ते खरं भयंकर होतं.

दामलेसाहेबांनी स्टूल ओढलं, फुगलेलं कपाट दोन्ही हातांनी हिसकून उघडलं आणि गेल्या चार वर्षांच्या फायली जमिनीवर उतरवल्या. पांढऱ्या पँटनं ते सतरंजीवर बसले. एकेक कागद उचलून माझ्यापुढे धरायचे. “हा खरा?” मी म्हणायची, “माहीत नाही.” “हा?” “माहीत नाही, साहेब.” संध्याकाळपर्यंत आमच्यामध्ये एकच ढीग झाला होता. दुसरा ढीग करायला एकही कागद मिळाला नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. शितोळ्यांना स्वतःच्या अक्षरात पत्र लिहून बोलावून घेतलं. बोट हवामानासाठी बंदरात थांबली होती, तेवढ्या दोन दिवसांत शितोळे आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. साहेबांनी नकाशा पसरला आणि विचारलं, “मला सांगा, खाली स्वच्छ कधी दिसतं?”

शितोळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. हा सापळा आहे का, हे त्यांना ठरवायचं होतं. मग हळूहळू बोलू लागले. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी ढवळलेलं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी मंद आणि नितळ. कुठल्या पायाशी गाळ साठतो, कुठली बाजू सकाळी चांगली. आमची अख्खी योजना बोटीच्या तारखांवर बेतलेली होती. पाण्याच्या तिथी आम्ही कधी विचारल्याच नव्हत्या, आणि घरोघरी भिंतीवर त्या टांगलेल्या होत्या.

त्या आठवड्यात आम्ही सगळं मोडून पुन्हा मांडलं. उधाणाच्या दिवसांत पाण्यावरची कामं, रंग, शिड्या, कठडे. भांगाच्या दिवसांत पाणबुडे खाली. आधी सगळ्याच जोडांभोवती नुसता एक फेरा. खरवडून बारकाईची तपासणी फक्त जिथे शंका राहील तिथे. बोटीचे दिवस तेवढेच राहिले. पण आता त्या दिवसांत काहीतरी दिसणार होतं.

ज्या जोडावरून एवढं रामायण झालं, तो दक्षिणेचा जोड मार्गशीर्षात तपासला. निर्दोष. शितोळ्यांच्या हातानं अंधारात जे सांगितलं होतं ते बरोबर होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मग तडा कुठे आहे, एवढंच मनात आलं.

तो फाल्गुनात सापडला. ज्या जोडाचं नावही आमच्या कोणत्या चर्चेत आलं नव्हतं, ज्याचे चारही वर्षांचे कागद निर्दोष होते, तिथे. वेल्डिंगच्या कडेनं गेलेला, नळीच्या पोलादात आत शिरलेला तडा. तार आली तेव्हा माझ्या तोंडून आनंदाचा आवाज निघाला. दामलेसाहेबांनी नुसतं पाहिलं. मी मान खाली घातली. पुढच्या भांगाच्या दिवसांत त्या जोडावर पोलादी पट्टा आवळून बसवला, आणि वर कोणाचा कॅरमचा डाव अडला नाही.

वैशाखात समुद्र बंद व्हायच्या आधी शितोळे कचेरीत आले. या वेळी खुर्चीत मागे टेकून बसले. साहेबांनी विचारलं, “केवढा होता?”

शितोळ्यांनी टेबलाच्या काचेवर पंजा ठेवला, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दाखवलं. “एवढा. बोटाचं नख आत जात हुतं.”

मग ते थोडं थांबले. “खालनं वर आलो आन् वर ऱ्हानाऱ्या मानसांतच जेवाय बसलो. आचारी म्हनला, मामा, खाली काय घावलं का? रिपोर्ट जाईस्तवर कुनाला सांगायचं न्हाई, असा हुकूम हुता. म्या म्हनलं, काय न्हाई, समदं बेस हाय. त्यो एवढा खूश झाला, माज्या ताटात आनखी मासा वाढला.” त्यांनी पंजा काचेवरून उचलला. “आधी एकदा खोटं लिवलं, त्याचं एवढं काय वाटलं न्हवतं बगा. ह्यो घास मातर गिळंना.”

 उन्हानं खालच्या दुकानातलं पितळ तापून त्याचा वास वरपर्यंत येत होता. दामलेसाहेब उठले. कोपऱ्यातल्या माठापाशी गेले, पेला विसळला, भरला आणि आणून शितोळ्यांपुढे ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना कोणासाठी पाणी आणताना मी पाहिलं नव्हतं. शितोळ्यांनी ते एका दमात संपवलं. साहेबांनी पेला उचलला आणि पुन्हा भरून आणला.

त्यांनी असं का केलं, हे त्या दिवशी मी स्वतःलाही विचारलं नाही.